डाव्या बाजूचा बिघाड

प्रभुलिंग त्या रविवारी अमेरिकेला परत निघणार होता. तो आमचा चुलतभाऊ. माझा धाकटा भाऊ महांतेश याची कार्बनची सायकल आदल्या दिवाळीत त्यानेच सामानातून आणली होती. फ्रेमला कंपनीची हमी होती. बिघाड दाखवता आला तर प्रभुलिंग फ्रेम परत नेणार होता आणि बदल्यात दुसरी मिळणार होती. तो बिघाड शोधायचं काम महांतेशने माझ्यावर टाकलं.

"तू फिजिक्स शिकवतीस न्हवं? मग शोध की," तो म्हणाला. "मी सांगितलं तर प्रभू म्हणतोय, सायकल बरी हाय, तुलाच चालवता येत न्हाय. तू म्हटलीस की गप घेऊन जाईल."

"आणि बिघाड नसला तर?"

"हाय, आक्का. असणारच."

हे तो इतक्या घाईने म्हणाला, की मी पुढे काही विचारलं नाही.

आमचं लक्ष्मीपुरीत पाइप आणि बेअरिंगचं दुकान. गल्ल्यावर अप्पा, म्हणजे आमचे वडील. गिऱ्हाईक, गोदाम आणि वसुली महांतेशकडे. सायकल आली त्या दिवशी अप्पांनी ती एका हाताने उचलून पाहिली आणि दुकानात बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमच्या धंद्यात वजन जास्त तर किंमत जास्त. ह्येच्यात उलटंच हाय! आणखी हलकी घेतली असतीस तर घर विकाय लागलं असतं." महांतेश सगळ्यांत मोठ्याने हसला होता. तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता. शाळेत असल्यापासून पन्हाळ्याचा घाट अप्पांच्या लोखंडी सायकलीने चढणारा. त्या सायकलीने घडवलेली त्याची पोटरी हा आमच्या घरातला थट्टेचा विषय होता.

पावसाळा संपता संपता तक्रारी सुरू झाल्या. चढावर डावं पेडल दाबलं की जोर कुठेतरी गळतो, फ्रेम लवत असणार. डाव्या अंगठ्याने दाबायची गियरची कळ घट्ट झाली आहे. डावा पाय पेडलवरून सुटतो. कात्यायनीच्या डोंगरावर तो दोनदा पडला होता, दोन्ही वेळा डावीकडे, आणि दोन्ही वेळा वाट सपाट होती.

चारही तक्रारी डाव्या बाजूच्या आहेत हे मी ऐकतानाच टिपलं. एका बाजूची तक्रार असली की कारण शोधायला सोपं जातं. मला तेव्हा बरंच वाटलं.

सायकल मी गुरुवारी कॉलेज सुटल्यावर गुंडूच्या दुकानात नेली. गुंडू रंकाळ्याजवळ सायकली दुरुस्त करतो. पूर्वी तालमीत होता, अजूनही अंगाने तसाच आहे. महांतेशची सायकल दुसऱ्या कोणाच्या हाती जात नसे.

"मॅडम, कळ घट्ट म्हणून मी नवी केबल घातली," तो म्हणाला. "तेल सोडलं. आता करंगळीनं दाबा, गियर पडतोय. तरी मालक म्हणतंय, घट्टच हाय. आता काय माझा अंगठा कापून देऊ काय त्यास्नी?"

मी करंगळीने दाबलं. गियर पडला.

"पेडल?"

"डाव्या पेडलाचा आटा उलटा असतोय. कुणी चुकून सुलटा पिळला तर आटा जातोय. पण ह्येला माझ्याशिवाय कोण हात लावतंय?" त्याने पेडल काढून दाखवलं. आटे स्वच्छ होते.

मग मी फ्रेमकडे वळले. माझी खरी आशा फ्रेमवर होती. धातू वाकतो, चीर दाखवतो. कार्बनचं तसं नाही. धाग्यांचे थर एकावर एक चिकटवलेले असतात आणि आतले थर सुटले तरी वरचा रंग तसाच चकचकीत राहतो. पहिल्यांदा पडला तेव्हा दगडावर आपटून आतून थर सुटले असतील, तर जोर गळण्याचं कारण मिळत होतं. आणि असा दोष ऐकू येतो. मी रुपयाचं नाणं घेतलं आणि हँडलपासून मागच्या चाकापर्यंत बोटाबोटाच्या अंतरावर नळ्या ठोकत गेले. जिथे थर सुटलेले असतील तिथे आवाज बद्द येतो.

कुठेच आला नाही. सगळीकडे टणक, कोरडा, सारखा आवाज. मी डाव्या बाजूच्या नळ्या पुन्हा ठोकल्या. गुंडू हातातलं काम सोडून ऐकत होता.

"मॅडम, काय निघायला पायजे हाय तुम्हाला?" त्याने विचारलं.

मी त्याच्याकडे दोरा मागितला. मागच्या आसाच्या एका टोकापासून हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणला आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजलं. फ्रेम जरा जरी पिळली असती तर दोन्ही अंतरं वेगळी आली असती. ती सारखी आली.

आता चालवून पाहणं राहिलं होतं.

शुक्रवारी मी रजा घेतली. सलवारीला घोट्यापाशी रबरबँड लावले, महांतेशचं हेल्मेट घातलं आणि सकाळी कात्यायनीच्या रस्त्याला लागले. कॉलेजात असताना मी रोज सायकल चालवत असे. त्यानंतर वीस वर्षांत क्वचित. त्यामुळे सायकलीतलं बारीक काही मला कळेल की नाही, अशी शंका होती.

कळलं. पहिल्या फर्लांगातच कळलं. या सायकलीला पुढच्या चिमट्यातच तेवढी स्प्रिंग आहे, मागे काही नाही, मागची बाजू सलग आणि ताठ. पुढच्या चाकाखाली खड्डा येतो तो हाताला जेमतेम जाणवतो, मागच्या चाकाचा मात्र थेट कमरेत येतो. पण त्या ताठपणाचा फायदाही तसाच थेट आहे. पेडल दाबलं की मध्ये कुठे काही हरवत नाही, सगळा जोर चाकाला जातो. डांबरी रस्ता सोडून मी मुरमाच्या वाटेला लागले आणि चढ सुरू झाला. मी मुद्दाम डाव्या पायावर जास्त भार टाकू लागले. फ्रेम लवली नाही. डावी कळ दर थोड्या अंतराने दाबून पाहिली. सपाटीवर जपून दोन्ही हात सोडले. सायकल सरळ जात राहिली, आपल्याच विचारात चाललेल्या माणसासारखी.

मला दम लागला होता आणि मला आनंद होत होता. हा आनंद महांतेशला वर्षभर रोज मिळत होता, हे त्याच क्षणी लक्षात आलं. मग मी हात पुन्हा हँडलवर ठेवले.

वळणावर शेरडं घेऊन एक म्हातारे उभे होते. "बाई, सायकल लई हलकी चालतीया. कुणाची म्हणायची?"

"भावाची."

"मग भाऊ कुठं हाय?"

"दुकानात."

"आनि तुमी डोंगरात?" ते हसले. "बरं हाय की!"

वर पोचल्यावर मी सायकल एका दगडाला टेकवून बसले. प्रयोगातून उत्तर मिळालं की एरवी मन शांत होतं. त्या दिवशी मी उत्तरातली पळवाट शोधत होते. आणि एक होती. माझं वजन महांतेशपेक्षा पुष्कळ कमी. माझ्या भाराखाली न लवणारी फ्रेम त्याच्या भाराखाली लवत असेल.

दुपारी मी गुंडूला दुकान बंद करायला लावलं आणि त्याच वाटेवर नेलं. तो महांतेशपेक्षाही वजनदार. सीट वर करून बसला आणि वळणाआड गेला. मी खाली उभी राहून वाट पाहिली. सायकलीतून काहीतरी मोडल्याचा आवाज यावा, गुंडूने ओरडून शिवी द्यावी, असं मला वाटत होतं. त्याला लागू नये, एवढंही वाटत होतं.

तो लाल तोंडाने, घामाघूम होऊन, दात दाखवत उतरला. "मॅडम, खोट काढाय दिली काय मला नादाला लावाय दिली? ह्येच्यात काय सुदीक न्हाय! चढावर ढकलल्यागत जातीया." मग माझ्याकडे बघून त्याचं हसू गेलं. "का वो? चांगलंच झालं की."

घरी आले तेव्हा रक्षिता, महांतेशची बायको, माजघरात पूजेचं आवरत होती. मी हातपाय धुऊन आले तरी ती तिथेच होती.

"आक्का, मिळाला का बिघाड?"

"नाही."

ती थोडा वेळ वस्त्राची घडी करत राहिली. "एक सांगू? बोलू नको म्हणालेत. पण सांगते. ते आता पूजेला लिंग पाटावर ठेवतात."

आमच्यात इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन, हात डोळ्यांसमोर धरून पूजा करतात. महांतेशला आठव्या वर्षी दीक्षा दिली तेव्हापासून मी त्याला तसंच बसलेलं पाहिलं होतं. तापात असतानासुद्धा.

"कधीपासून?"

"श्रावणात हात थरथरायला लागला. मग काही दिवस उजव्या हाताचा आधार द्यायचे. आता तोही पुरत नाही." तिने घडी पाटावर ठेवली. "मला म्हणाले, सायकलीच्या हँडलनं हात आखडलाय. फ्रेम बदलली की जाईल."

 तिला सांगण्याजोगं माझ्याकडे अर्धंच होतं: बिघाड सायकलीत नव्हता.

त्या संध्याकाळी मी खोटं बोलायचा विचार केला. ते सोपं होतं. डाव्या नळीत थर सुटलेत म्हटलं असतं तर प्रभुलिंगने वाद घातला नसता. नवी फ्रेम आली असती, आणि येईपर्यंत महांतेशला बरं वाटलं असतं. मग तो त्या फ्रेमवरूनही पडला असता, कदाचित घाटात, आणि मधले महिने डॉक्टरशिवाय गेले असते.

शनिवारी दुपारी दुकान जेवणासाठी बंद झाल्यावर तो गोदामात आला. मी सायकल तिथे पाइपांच्या रॅकला टेकवून ठेवली होती. तो चालत आला तेव्हा मी नाण्याचा आवाज ऐकला होता तसा त्याच्या चालीचा आवाज ऐकला. उजवी चप्पल नेहमीसारखी पडत होती. डावी फटकन आपटत होती.

"काय निघालं?"

"काही नाही."

"नीट बघितलंस?"

"बघितलं."

"ठोकून?"

"दोनदा."

"फ्रेम पिळलीया का ते?"

"दोरा लावला. सरळ आहे."

"तुझं वजन कमी हाय, आक्का. माझ्या वजनाला लवत असंल."

"गुंडूला बसवून डोंगरावर पाठवलं."

तो रॅकला धरून उभा राहिला. आयुष्यभर माल पारखणारा माणूस माझ्या पारखण्यात भोक शोधत होता. मी एखादं ठेवलं असतं तर त्याला ते नक्की सापडलं असतं.

"सायकल चांगली आहे, महांतेश," मी म्हणाले. "मी पाहिलेल्या सायकलींत सगळ्यांत चांगली."

त्याने डावा हात पाठीमागे घेतला.

"हात दाखव."

"कशाला?"

"दाखव."

त्याने दोन्ही हात पुढे केले. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधलं मांस भरलेलं होतं. डाव्या हाताला तिथे खळगा होता. मी त्या खळग्यावर बोट ठेवलं. आमच्या घरात मोठ्या झालेल्या भावाचा हात असा कोणी धरत नाही. त्यानेही ओढून घेतला नाही.

"बसल्या बसल्या दंडातलं मांस उडतंय," तो हळू म्हणाला. "मासोळीगत. मला वाटलं, दम लागल्यानं असंल." मग म्हणाला, "न्हाय. तसं काय वाटलं न्हवतं मला. सायकलीचं निघालं असतं तर बरं झालं असतं, एवढंच."

"मिरजेला डॉक्टरांकडे जाऊ. सोमवारी."

"काय असंल?"

"मला माहीत नाही. मी डॉक्टर नाही."

हे खरं होतं. पण जेवढं माहीत होतं तेवढ्याने माझा आवाज बदलला होता आणि तो त्याला कळला.

इतक्यात प्रभुलिंग मोठं खोकं आणि चिकटपट्टी घेऊन मागच्या दाराने आत आला. "काय मॅडम, लागला निकाल? फ्रेम बांधायची का?"

मी तोंड उघडण्याआधी महांतेश म्हणाला, "न्यायची न्हाय. माल चांगला हाय."

"म्हंजे मी म्हणत होतो तेच! तुलाच चालवता येत न्हाय!"

"व्हय," महांतेश म्हणाला, आणि तोही हसला. "आता न्हाय येत."

प्रभुलिंगला त्यात काही वेगळं ऐकू आलं नाही. खोकं तिथेच टाकून तो अप्पांबरोबर जेवायला घरी निघाला. शटरपलीकडून अप्पांचा आवाज आला, "बघ, म्हटलो न्हवतो, आमच्या पोरीनं तपासलं म्हंजे काम पक्कं!"

महांतेश पाइपांच्या चळतीवर बसला. मीही त्याच्या शेजारी बसले. सायकल आमच्या समोर होती आणि दोघेही तिच्याकडे बघत होतो, कारण दुसरीकडे कुठे बघायचं ते सुचत नव्हतं.

"गेलतीस ती वाट कुठली? निलगिरीच्या झाडांच्या बाजूची?"

"तीच."

"तिथं मुरूम सुटलाय. मागचं चाक घसरतं."

"नाही घसरलं. मी थोडी मागे सरकून बसले."

"शाब्बास," तो म्हणाला. "आणि वरच्या वळणाला? उतरलीस का बसून गेलीस?"

"बसून."

"खरं?"

"खरं. ती मोठी शिळा आहे ना, तिच्या डावीकडून."

त्याने मान हलवली. तो वाटेवर कुठे आहे हे मला त्याच्या डोळ्यांवरून दिसत होतं. मी वाऱ्याचं सांगितलं, शेरडांचं सांगितलं, चढावर पेडलचा जोर कसा थेट जमिनीला लागतो तेही सांगितलं. त्यातलं काहीच मी कमी करून सांगितलं नाही. तसं केलं असतं तर त्याला कळलं असतं.

"आणि उतार?"

"उताराला ब्रेक धरूनच आले."

"अगं, सगळा उतार?"

"सगळा."

"वाया घालवलास की," तो म्हणाला, आणि उतारावर ब्रेक कुठून सोडायचा, अंग किती मागे न्यायचं आणि नजर कुठे ठेवायची, ते मला उजव्या हाताने हवेत दाखवून समजावून सांगू लागला.