एडना सग्डनचं विधेयक

"आता ह्यांनी टोप्या कशाला उचलल्या?" एडना सग्डनने माझ्या कानाशी लागून विचारले.

लॉर्डांच्या सभागृहातल्या प्रेक्षक-सज्जात आम्ही दोघी बसलो होतो. खाली तांबड्या झग्यांतली मंडळी खासदारांचे स्वागत करत होती. एक जण विधेयकांची नावे वाचत होता, दुसरा जुन्या फ्रेंचमध्ये राणीची संमती सांगत होता. एडना आपल्या विधेयकाचे नाव ऐकायला पुढे वाकली होती. ते आलेच नाही. शेवटी घोषणा झाली, संसद 'प्रोरोग' झाली.

एडना आमच्या कीथली गावात शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देई. तिचा मुलगा नील भाड्याच्या खोलीत झोपेतच गेला होता. बिघडलेल्या हीटरमधून विषारी वायू सुटला. त्याला ना रंग, ना वास. घरमालकांनी अशा खोल्यांत वायू सुटताच वाजणारी धोक्याची घंटा बसवलीच पाहिजे, असा कायदा व्हावा म्हणून ती आमच्या खासदारांच्या, क्लाइव्ह ओल्डरॉइड यांच्या, मागे लागली होती. मी त्यांची सचिव.

क्लाइव्ह बाहेर आम्हांला भेटले ते मान खाली घालूनच.

"मिसेस सग्डन, विधेयक गेलं. प्रोरोग करणं म्हणजे अधिवेशन संपवणं. अर्धवट राहिलेलं सगळं रद्द."

"तहकूबच ना ते?"

"नाही. तहकुबीत काम जिथल्या तिथं थांबतं. इथं पुन्हा पहिल्यापासून." ते कसनुसे हसले. "शब्द लॅटिन आहे. मूळ अर्थ, पुढं मागणं. रोममध्ये एखाद्या अधिकाऱ्याची मुदत वाढवायची तर लोकांना विचारत. आपल्याकडेही आधी लांबणीवर टाकणं एवढाच अर्थ होता. मग राजेलोक नकोशी संसद घरी धाडायला तो वापरायला लागले."

"राजांचं राहू दे. पुढं मागायचं ना? मागू." एडनाने कोटाची बटणे लावली. "क्लाइव्ह, शाळेच्या पहिल्या दिवशी तू भर रस्त्यात बसून रडलास. तेव्हा मी काय केलं?"

"फूटपाथवर परत नेलंत."

"आणि मग?"

"पुन्हा पलीकडे."

"मग? चल, चहा पाज."

नव्या अधिवेशनात खासदारांना स्वतःचे विधेयक मांडण्याची संधी देणाऱ्या सोडतीत क्लाइव्हचे नाव निघाले नाही. निघाले ते विरोधी बाकावरच्या एका बाईंचे. एडना एकटीच त्यांच्या गावी गेली आणि त्या भेटेपर्यंत कचेरीत बसून राहिली. त्यांनी विधेयक उचलले आणि या वेळी ते शेवटपर्यंत गेले. संमतीच्या दिवशी मी तिला लंडनला बोलावले. "शाळा आहे ना, पोरी," म्हणाली.

कायदा लागू झाल्यावर मात्र ती मला नीलच्या खोलीवर घेऊन गेली. तिथे आता एक विद्यार्थिनी राहत होती. छताला नवी पांढरी डबी बसवलेली होती.

"वाजवून बघितलीस?"

"नाही अजून."

एडना खुर्चीवर चढली. मी खुर्ची धरली. तिने बटण दाबले. कर्कश आवाजाने मुलीने कान झाकून घेतले, खालच्या मजल्यावरून कोणी तरी छत ठोकले. एडनाने बोट काढले नाही. मान वर करून ती ऐकत राहिली.