तांब्याने प्यायलेलं ऊन

साहेब, त्या दुपारी पुष्पाबाईचं पाणी तोडलं ते एकट्या महाराजाने नाही. तुम्हीही तोडलंत. तुमचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं की तुम्ही बदनामीचा दावा लावाल आणि मग चर्चा तुमच्या अब्रूची होईल, त्या बाईची होणार नाही. पण मे महिन्याच्या सुरुवातीला उष्माघाताची तयारी बघायला म्हणून तुम्ही आमच्या गावात उतरलात, आरोग्य उपकेंद्राला कुलूप होतं तिकडे फिरकलाही नाहीत, आणि सरळ ऊन उतरवणाऱ्या महाराजाच्या मांडवात जाऊन बसलात. महाराजाने तुमच्यासमोर तांब्या पालथा घातला. तुम्ही त्याला बोट लावलं आणि चारचौघांत म्हणालात, "खरंच गरम झाला हो." तो फोटो फ्लेक्सवर लागला. त्यानंतर गावात कोणाला काही समजावणं म्हणजे भिंतीशी बोलणं.

मीही आता थकलोय. तरी झालं ते सांगतो.

आमचं गाव अमडापूरहून आत, डांबर संपतं तिथून पुढे. मे महिन्यात इथे सकाळीच टिनाखाली बसवत नाही. हापशीचा दांडा फडक्याने धरावा लागतो. कुत्री नालीतल्या ओलीवर पोट टेकून पडतात आणि कोणी हाकललं तरी उठत नाहीत. अशा दिवसांत मारुतीच्या पारासमोर रोज भर दुपारी रांग लागायची. ऊन उतरवून घ्यायला आलेली माणसं उन्हातच उभी. कारण महाराजाचं म्हणणं, सूर्य डोक्यावर असला तरच ऐकतो, खाली गेला की त्याची ड्युटी संपते.

महाराजाचं नाव शीतलबाबा. पोरं मागून कूलरबाबा म्हणायची, कारण त्याच्या आसनामागे मोठा कूलर घरघरत असायचा. मांडवात पाय टाकला की अंगाला गार वारा लागायचा आणि बायाबापड्या म्हणायच्या, बाबाच्या नुसत्या दर्शनानं थंड वाटते. तो कूलर उपकेंद्रातल्या थंड खोलीसाठी आलेला. ऊन लागलेल्या माणसाला तिथे झोपवायचं, अशी योजना. खोलीला कुलूप आणि कूलर मांडवात, तुम्हीही त्याच्याच पुढ्यात बसला होतात, साहेब. वारा बरा लागला असेल.

आता तांब्याचं. उन्हाळ्यात कोणाला ऊन लागलं की आमच्या म्हाताऱ्या आधीपासूनच एक उपाय करत. ताटात पाणी, मधोमध कणकेचा दिवा, त्यात कापूर पेटवायचा आणि वरून तांब्या पालथा घालायचा. थोड्या वेळाने ताटातलं पाणी गुडगुड करत तांब्यात चढतं. ऊन ओढलं, असं म्हातारी म्हणायची आणि लगेच कैरीचं पन्हं पाजायची, कपाळावर ओलं फडकं ठेवायची, अंधाऱ्या खोलीत निजवायची. माणूस बरा व्हायचा तो पन्ह्याने आणि ओल्या फडक्याने. नाव तांब्याचं व्हायचं. चालायचं, कोणाचं नुकसान नव्हतं.

महाराजाने तांब्या तेवढा घेतला आणि पन्हं काढून टाकलं. त्याचा नवा नियम असा, की तांब्या पाच वेळा पिईपर्यंत रोग्याने प्यायचं नाही. अंगाला पाणी लावायचं नाही. वरून घोंगडं पांघरायचं, म्हणजे बाहेरचं ऊन आत घुसत नाही. त्याची बडबडही ऐका. म्हणे, सूर्यनारायणाशी आपली डायरेक्ट बोली आहे. म्हणे, हिमालयाच्या बर्फात बसून तप केलं. याने बर्फ पाहिला असेल तर रसवंतीवरच, पण बोलायचा मात्र असा, की मधे श्वास घ्यायलाही जागा नाही.

पुष्पाबाई आमच्या शेषरावची बायको. पेरणीआधी वावर साफ करायचं म्हणून दोघं सकाळपासून धसकटं वेचत होती. उन्हं चढली तेव्हा शेषराव म्हणाला घरी जाऊ, ती म्हणाली एवढं तास संपवू, ही एक ओळ. आमच्याकडे सगळे असंच म्हणतात. तिला आधी डोकं दुखलं, मग ओकारी झाली, मग ती धुऱ्यावर, वावराच्या बांधावर बसून विकलेल्या बैलाला हाका मारायला लागली. शेषराव घाबरला. उपकेंद्रावर गेला तर कुलूप. म्हणून मांडवात आला, बायकोला पाठीवर टाकून.

मी तेव्हा खांबाला टेकून उभा होतो. महाराजाने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. इतकं मोठं गिऱ्हाईक त्याला रोज मिळत नव्हतं. त्याने जाहीर केलं, की सूर्याचं एक किरण या बाईच्या अंगात मोडून राहिलंय, बाभळीच्या काट्यासारखं, ते तांब्याच ओढून काढेल. घोंगडं आलं. बाईला गुंडाळलं. पोटावर ताट ठेवलं, दिवा लागला, तांब्या पालथा पडला. गुडगुड झाली. लोकांनी हात जोडले. शेषरावने तांब्याला हात लावून पाहिला, तो तापला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकोचं ऊन त्याच्या हाताला लागलं होतं ना.

दुसऱ्या तांब्यानंतर तिचा घाम थांबला. चेला ओरडला, घाम गेला, म्हणजे ऊन गेलं. मांडवात जयजयकार झाला आणि तिथेच आम्ही सगळे चुकलो. ऊन लागलेल्याचा घाम थांबतो तो बरं वाटतं म्हणून नाही. अंग स्वतःला निववायचं काम सोडून देतं म्हणून तो थांबतो. कातडी कोरडी, तापलेली, आणि माणूस भलतंच बडबडतोय, म्हणजे घर आतून पेटलंय. घामाने डबडबलेला माणूसही बडबडायला लागला तर तेच. आम्ही त्या पेटलेल्या घरावर घोंगडं टाकून टाळ्या वाजवत होतो.

तिसरा तांब्या चालू असताना अश्वजित सर आले. आमच्याच गावचे, जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतात, सुट्टीत घरी होते. कोणीतरी सांगितलं म्हणून धावत आले. त्यांनी पुष्पाबाईच्या मानेला हात लावला आणि शेषरावला म्हणाले, घोंगडं काढा, पाणी ओता, आत्ताच.

शेषराव म्हणाला, "तांब्या अजून दोनदा प्यायचा हाये, सर."

चेला मधे आला. तोही आमचाच, गोकुळ. एरवी सरांना वाकून नमस्कार करणारा. तो म्हणाला, "सर, तुमच्यात हे नाही मानत, आमच्यात मानतेत. तुमी मधात येऊ नका."

सर म्हणाले, "हाव, नाही मानत. पाणी मानतो."

कोणी हललं नाही. सरांनी रुग्णवाहिकेचा नंबर लावला, गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती. त्यांनी आणखी एकदा सांगून पाहिलं. शेषराव घोंगडं दोन्ही हातांनी दाबून बसलेला, जसं काही सर ते चोरायलाच आले होते. तेव्हा त्यांनी भांडण सोडलं. मांडवाच्या कोपऱ्यात बाबाच्या पिण्याच्या पाण्याचा माठ होता, ओलं पोतं गुंडाळलेला. तो त्यांनी उचलून शेषरावच्या पुढ्यात आणला. बाबाच्याच सामानातलं एक ताट त्याच्या तोंडावर ठेवलं, पाणी ओतलं, दिवा ठेवला, कापूर पेटवला आणि तांब्या पालथा घातला. महाराज म्हणाला, विधीची चेष्टा करू नका. पण लोक पुढे सरकले होते. तमाशा कोणाला नको असतो.

ज्योत विझली. गुडगुड झाली. ताटातलं पाणी तांब्यात चढलं.

"हे माठाचं ऊन निघालं काय, शेषरावभाऊ?" सर म्हणाले. "तांब्याले हात लावा. आता माठाले लावा. आता तिच्या कपाळाले लावा."

महाराजाने घाईघाईने सांगितलं, की माठ मांडवात असतो, त्यालाही ऊन बाधतं. रांगेत पुढे पंजाबराव होते, आमच्यातले सगळ्यात म्हातारे. ते म्हणाले, "म्हणजे बाबा, तुमी आतापर्यंत बाधेल पानी पेऊन राह्यले व्हय?" दोन-चार जण हसले. थकलेलं हसू, पण हसले.

शेषराव हसला नाही. त्याचा एक हात माठावर होता आणि दुसरा बायकोच्या कपाळावर. मग त्याने घोंगडं ओरबाडून काढलं आणि माठ उचलून तिच्यावर उपडा केला. त्यानंतर सगळेच धावले. मी आणि गोकुळने कूलर तिच्याकडे वळवला. हो, गोकुळनेच. गावच्या टाकीतलं पाणी बादल्यांनी आलं. सर ओरडत होते, तोंडात ओतू नका, शुद्धीत नाही, ठसका लागेल, अंगावर ओता, काखेत, मानेवर ओले कपडे ठेवा. कांदे भरायच्या टेम्पोत ओल्या पोत्यावर तिला निजवलं आणि तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत बाया तिच्यावर पाणी शिंपडत, पदराने वारा घालत गेल्या.

तांब्यात जादू नाही. कापराने आतली हवा तापते, फुगते, थोडी काठाखालून बुडबुडे होऊन निसटते. ज्योत विझली की उरलेली हवा निवते, आकसते. आत जागा होते आणि बाहेरची हवा ताटातलं पाणी आत ढकलते. पोटावर ठेवा, माठावर ठेवा, साहेबांच्या टेबलावर ठेवा, तांब्या पिणारच. तो गरम लागतो तो कापराने. हे सातवी-आठवीच्या पोराला कळतं. मोठ्यांनाही कळलं असतं. पण ज्या तांब्याला तुम्ही बोट लावलं होतं, त्याला प्रश्न विचारायची आमची हिंमत झाली नाही.

वाचणाऱ्यांनो, तुम्हाला एवढंच सांगतो. वावरातलं काम पहाटे उरका, राहिलेलं तास राहू द्या. तहान लागायची वाट न पाहता पाणी प्या, डोक्याला ओला रुमाल बांधा. कोणी भलतंच बडबडायला लागलं तर आधी सावली, मग अंगावर पाणी, मग वारा, आणि हे करतानाच गाडी बोलवा. देव मानत असाल तर माना, पण गाडीत बसल्यावर माना. तापलेल्या अंगाला थांबायला वेळ नसतो.

पुष्पाबाई जगली. सगळी जगली असं नाही म्हणता येत. चालताना भिंत धरते. जीभ जड झाली, शब्द ओढत येतात. डॉक्टर म्हणाले, डोक्याला ताप फार वेळ राहिला, लवकर निवली असती तर बरं झालं असतं. महाराज दुसऱ्याच दिवशी निघून गेला. ऐकतो की आता देऊळघाटकडे कुठेतरी मांडव टाकलाय आणि तुमच्या फोटोचा फ्लेक्स दारात लावलाय. आम्ही तक्रार दिली आहे. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे म्हणतात. वाट बघतोय.

परवा मी पुष्पाबाईच्या घरी गेलो होतो. ती ओट्यावर बसली होती, शेषराव तिच्या भाकरीचे तुकडे करून देत होता. घोंगड्यातलं तिला काही आठवत नसेल असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. बैलाला मारलेल्या हाका तिला आठवत नाहीत. पण ती म्हणाली, एकेक शब्द ओढत, "मी पानी मांगत होती. मले आठवते. तुमी सारे होते. कोनी काऊन नाही देल्लं?"

रागाने नाही म्हणाली. तिला माहीत नव्हतं, म्हणून विचारलं. शेषरावचा हात भाकरीवर थांबला. मी तिला म्हणालो, साहेबांना विचारून सांगतो.

ती वाट बघतेय, साहेब. तुम्ही त्या तांब्याला बोट लावलं तेव्हा तो खरा आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं? आणि तो खोटा आहे हे ठाऊक असूनही बोट लावलं असेल, तर तिला मी काय सांगू? उत्तर द्या.