बाळाजी शेठचा खरा भाव

नाशकात तुरीची डाळ काय भावानं विकते, हे सरकारला पुंजाराम निकाळे सांगत असे. दर मंगळवारी छापील तक्ता घेऊन तो रविवार कारंजा नावाच्या पेठेतल्या ठरलेल्या दुकानांत जाई, डाळ, तेल, गूळ, साबणाचे भाव विचारी आणि सुवाच्य अक्षरात उतरवून घेई. अशा कितीतरी गावांचे आकडे एकत्र करून महागाई किती वाढली ते ठरे, आणि त्यावरून नोकरदारांचा महागाई भत्ता. एवढ्या जोखमीच्या कामावरच्या या माणसानं स्वतः मात्र जन्मात कधी पाव किलो डाळ विकत घेतली नव्हती. एक तारखेला पगार बायकोच्या, लताबाईच्या, हातावर ठेवला की त्याचा संसाराशी संबंध फक्त जेवणापुरता.

चौऱ्याहत्तर साल होतं. महागाईनं सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. अशात सरकारी वसाहतीच्या नळावर बातमी आली की भत्ता वाढत नाही, आकडाच पुरेसा चढला नाही म्हणे.

"आकडा लिहितं कोण?" शेजारच्या कुसाबाईनं विचारलं, आणि सगळ्याजणी लताबाईकडे बघू लागल्या. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवताना तिनं विषय काढला. "अहो, तुरीची डाळ काय भावानं लिहिली?"

"ऑफिसातली गोष्ट आहे ती."

"मग भाकरी बी ऑफिसातच खात जा."

"दोन रुपये साठ पैसे," पुंजाराम नरमून म्हणाला. "बाळाजी शेठनं सांगितले तसे."

"त्याच बाळाजी शेठकडून मी साडेतीननं आणते. दोन महिने झाले."

पुंजारामनं हातातला घास परत ताटात ठेवला. वर्षापूर्वी शेठच्या दुकानावर साखरेसाठी छापा पडला होता. तेव्हापासून कागद घेतलेला माणूस दिसला की शेठ पाटीवर लिहिलेला सरकारी भाव घडाघडा म्हणून दाखवी, आणि पुंजाराम तो इमानेइतबारे लिही. आपण कधी खोटं लिहिलं नाही, याचा त्याला कोण अभिमान. आता आपल्याच हातानं घराघरातला घास कमी केला म्हणून त्या भल्या माणसाला फार वाईट वाटलं.

"पण बायको सांगते म्हणून आकडा लिहिता येत नाही गं. दुकानदारानंच सांगायला हवा."

"सांगंल की," लताबाई म्हणाली.

पुढच्या मंगळवारी पुंजारामनं दुकानात तक्ता उघडला. "तूरडाळ, शेठ?"

"दोन साठ, साहेब."

"द्या मग पाच किलो." मागून लताबाईनं पिशवी पुढं केली. तिच्या मागं कुसाबाई, आणि कुसाबाईच्या मागं वसाहतीतल्या सात-आठ जणी, सगळ्यांच्या हातात पिशव्या.

शेठचा चेहरा पडला. पण व्यापारी तो व्यापारीच, लगेच सावरला. "असं करू, साहेब. तुमच्या वसाहतीला दर मंगळवारी ह्याच भावानं देतो. तुम्ही आपलं दोन साठच चालू द्या. मला पुन्हा छापा नको."

कुसाबाईची पिशवी आपोआप उघडली. तिला नावं कशाला ठेवायची? किलोमागं नव्वद पैसे म्हणजे त्या दिवसांत चेष्टा नव्हती. पुंजारामनं धास्तावून बायकोकडे पाहिलं. ती हो म्हणाली असती तर काय करावं, हे त्याला खरंच सुचत नव्हतं.

"आमचं झालं, शेठ," लताबाई म्हणाली. "पण निफाडच्या मास्तराला, इगतपुरीच्या पोस्टमनला कोण देणार हाय दोन साठनं? त्यांचा भत्ता बी ह्याच कागदावर हाय."

पुंजारामला एकदम धीर आला. "शेठ, हा कागद छापा घालणाऱ्यांकडे जात नाही. दुकानाचं नाव कुणाला कळणार नाही, माझा शब्द आहे."

शेठनं उपरण्यानं घाम पुसला. "साडेतीन," तो पुटपुटला. आणि एकदा तोंड उघडल्यावर त्याला राहवेना. "तेलाचं बी खोडा साहेब, गुळाचं बी. साबणाचं तेवढं खरं सांगितलं होतं."

पुंजाराम भराभर लिहीत होता. शेठनं पाच किलोचं माप काढलं, तशी लताबाईनं पिशवीचं तोंड आवळलं.

"पाच नको, एकच किलो द्या. भत्ता अजून वाढायचाय."

आणि आठ आण्यांसाठी अर्धा तास हुज्जत घालणाऱ्या त्या बाईनं घासाघीस न करता साडेतीन रुपये मोजून दिले.