दोन गाठींचे तमाले

माझं तोंड बंद राहत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण पोटच्या पोरीनं त्यावरून मला शपथ घालावी, हे मात्र लागलं.

"अमा, चौथ्या मजल्यावर कुणाकडेही माझं नाव काढायचं नाही," नोएमी म्हणाली. "शब्द टाकायचा नाही. मी समोर दिसले तरी ओळख दाखवायची नाही."

"आणि तू पाय घसरून पडलीस तर?"

"तर फरशी पूस आणि पुढे जा."

तिचा बाप रामिरो बशीत तोंड घालून हसत होता. मी त्याच्या पुढची बशी उचलून नेली.

चौथा मजला म्हणजे आमच्या हॉस्पिटलचा हृदयाच्या पेशंटांचा मजला. तिथली साफसफाई मी एकोणीस वर्षं केली. प्यूब्लोमध्ये निम्म्या गावाला मी ओळखते ते त्या मजल्यामुळे. पोलादाच्या कारखान्यातले म्हातारे छाती धरून तिथेच येतात.

नोएमी मे महिन्यात नर्सिंग पास झाली, उन्हाळ्यात लायसन्सची परीक्षाही पास झाली आणि तेव्हापासून घरी बसून होती. जिथे अर्ज करावा तिथे एकच उत्तर: अनुभव हवा. आता नोकरी दिल्याशिवाय अनुभव कुठून यायचा? लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशातली गत. यातून सुटायची वाट एकच, ती म्हणजे रेसिडेन्सी. नव्या नर्सला पगार देऊन वर्षभर जुन्या नर्सच्या हाताखाली तयार करतात. जागा बोटांवर मोजण्याइतक्या, आणि अर्ज सगळ्या कोलोरॅडोतून. आमच्या हॉस्पिटलच्या बाकीच्या जागा भरून गेल्या होत्या. चौथ्या मजल्यावरची एक तेवढी उरली होती.

तिला हवाही तोच मजला होता. ती सातवीत असताना रामिरोचं हृदय बिघडलं आणि तो तिथे पडून होता. ही शाळेतून सुटली की थेट त्याच्या खोलीत येऊन गृहपाठ करत बसायची. तिथल्या एका नर्सनं एकदा आपला स्टेथोस्कोप हिच्या कानांत घातला आणि बापाचं हृदय ऐकवलं. ती नर्स पुढे ॲरिझोनाला निघून गेली. पण त्या दिवसापासून आमची पोर जेवताना बापाच्या छातीला कान लावायला लागली. रामिरो वैतागायचा, म्हणायचा, अगं, निदान घास तरी गिळू दे.

तर शपथ मी घेतली. मला पटलंही होतं. झाडूवालीची पोर मागच्या दारानं आली, असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याला बादलीत बुडवला असता.

खरी अडचण आली ती तमाल्यांची. दर डिसेंबरात मी चौथ्या मजल्यासाठी तमाले नेते. मक्याचं पीठ चरबीत मळायचं, आत लाल मिरचीतलं मांस भरायचं, कणसाच्या पानांत गुंडाळायचं आणि वाफवायचं. पानाच्याच पट्टीनं बांधते मी प्रत्येक. तिखटाला दोन गाठी, बिनतिखटाला एक. ही माझ्या आईची पद्धत, गावात दुसरं कुणी असं बांधत नाही. एका गाठीचे मी डेनिससाठी करते. डेनिस आता त्या मजल्याची मुख्य नर्स आहे, पण आली तेव्हा कोवळी पोर होती. पहिल्या आठवड्यात चादरींच्या खोलीत बसून रडत होती, तेव्हा तिला नाक पुसायला कागद मी दिला होता.

आणि नोएमीची मुलाखत नेमकी तमाल्यांच्या आठवड्यात आली.

"या वर्षी न्यायचे नाहीत," नोएमी म्हणाली.

"लोक विचारतील."

"विचारू देत. मुलाखतीच्या आदल्या दिवशी आईनं सगळ्या मजल्याला जेवण घातलं, तर त्याला काय म्हणतात?"

"माया म्हणतात."

"लाच म्हणतात, अमा."

नाही नेले. मग जो उठतो तो विचारायला लागला. मी एकीला सांगितलं की गिरणी बंद आहे, दुसरीला सांगितलं की पाठ धरली आहे. डेनिसला काय सांगितलं ते मलाच आठवत नाही. ती म्हणाली, "ओफेलिया, तुम्ही आमच्यावर रागावलात का?" मी नुसती मान हलवली आणि स्वच्छ असलेला आरसा पुन्हा पुसायला लागले. खोटं बोलायची सवय नसली की माणूस वाटेल ते पुसत सुटतं.

घरी मात्र तमाले झालेच. नाताळ कुणासाठी थांबत नाही. नोएमीही बांधायला बसली होती. तिच्या गाठी नेहमी सैल. सुया टोचायला शिकली, पण गाठ काही जमत नाही.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी मी कॉरिडॉर पुसत होते आणि ती लिफ्टमधून बाहेर आली. निळा कोट, घट्ट बांधलेले केस. तो कोट मीच इस्त्री केला होता, आणि तरी बाहीवर एक चुणी राहिली होती. माझा हात त्या चुणीकडे निघाला होता, तो मी फडक्यावर ठेवला.

"गुड मॉर्निंग, मॅडम," ती मला म्हणाली. "फरशी ओली आहे, मी कडेनं जाते."

"जा, बाळा," मी म्हणाले आणि जीभ चावली. पण म्हातारी बाई कुणालाही बाळा म्हणते, असं म्हणून सोडून दिलं. ती कडेनं गेली. तिनं वळून पाहिलं नाही. मला तिचा अभिमान वाटला आणि वाईटही वाटलं. दोन्ही एकदम वाटलं की छातीत जागा कमी पडते.

आत डेनिस आणि आणखी दोघी तिला प्रश्न विचारत होत्या. त्यानंतर उमेदवारानं मजल्यावरच्या नर्सेसबरोबर बसून जेवायचं, ही आमच्याकडची रीत. जेवण म्हणायला, पण तीही परीक्षाच. ही पोर आपल्यात मिसळेल का, अडीनडीला धावून येईल का, हे त्या जेवता जेवता बघतात आणि नंतर आपलं मत देतात.

मी त्यांच्या जेवणाच्या खोलीत कचऱ्याची पिशवी बदलायला गेले. खरं सांगायचं तर ती पिशवी मी तासाभरापूर्वीच बदलली होती. टेबलाच्या टोकाला त्रिनी बसली होती. मजल्यावरची सगळ्यांत जुनी नर्स, माझी मैत्रीण, आणि जिभेला हाड नसलेली. ती कोरडं सँडविच हातात धरून तक्रार करत होती, "या वर्षी तमाले नाहीत. आता नाताळ आला हे मला कळायचं कसं?"

नोएमीनं पिशवीतून डबा काढला. फॉइल उलगडलं.

आणि लाल मिरचीचा वास खोलीभर झाला.

देवाशपथ सांगते, मी मुद्दाम नाही केलं. सकाळी पोर घाईत होती, हात आपोआप चालले. मजल्याला तमाले न्यायचे नाहीत अशी शपथ होती. पोरीच्या डब्याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं, आणि परीक्षेला उपाशी पोटी तिला मी कधी पाठवलं नव्हतं.

त्रिनीनं मान पुढे करून फॉइलमध्ये पाहिलं.

"दोन गाठी," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहिलं. मी डोकं कचऱ्याच्या डब्यात घातलं होतं.

नोएमी उठून उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते, पण आवाज हलला नाही. "त्या माझ्या आई आहेत. गप्प राहायला मीच सांगितलं होतं. डेनिस मॅडमना मी पहिल्याच फोनवर सांगितलं आहे, लपवलेलं काही नाही. मी मागच्या दारानं आले असं तुम्हाला वाटत असेल, तर मला काहीही विचारा. कितीही अवघड विचारा."

म्हणजे डेनिसला आधीच माहीत होतं. गप्प फक्त मला बसवलं होतं. मी डब्यातून डोकं वर काढलं.

"खाली बस," त्रिनी म्हणाली. "तुझा पहिला दात पडला तेव्हा तो फोटोसकट आम्हाला दाखवला होता हिनं. तू सकाळी लिफ्टमधून आलीस तेव्हाच सगळ्या मजल्यानं ओळखलं तुला. आईचंच नाक आहे. आम्ही आपलं म्हटलं, हिला एवढं लपवायचंय तर लपवू दे बिचारीला."

मग तिनं फॉइलकडे एकदा पाहिलं आणि ते दोन बोटांनी लांब ढकललं. "उमेदवाराकडून काही घ्यायचं नाही, असा नियम आहे. झाकून ठेव ते, नाहीतर मी नोकरी घालवीन." आणि खरोखरच तिनं अवघड विचारायला सुरुवात केली. पेशंटची नाडी अशी झाली तर काय करशील, डॉक्टर फोन उचलत नसेल तर काय करशील. पोर उत्तरं देत होती. दोनदा म्हणाली, "हे मला माहीत नाही, मी तुम्हाला विचारीन." मी पिशवी घेऊन बाहेर पडले.

दुपारी डेनिसनं मला बोलावलं. मला वाटलं, झालं. एका तमाल्यापायी पोरीचं वर्ष घालवलं मी.

"बसा, ओफेलिया."

"मी उभी बरी. डेनिस, डबा मी भरला. तिला त्यातलं काही माहीत नव्हतं."

"डब्याचं सोडा. जेवणाआधीच आम्ही तिघींनी तिला पहिला नंबर दिला होता. आणि जेवणानंतर त्रिनी येऊन म्हणाली, जिला माहीत नाही म्हणता येतं ती पोर मला हवी. पण अडचण वेगळी आहे. एका घरातली दोन माणसं एका मजल्यावर चालत नाहीत. इथला नियम आहे. तिला वेगळ्या मजल्यावर घ्या म्हणून मी सगळीकडे विचारलं. जागाच उरली नाही. मग ही जागा दुसऱ्या नंबरला द्यावी लागेल, आणि नोएमीला पुढच्या वेळी..."

"झाडूवालीची जागा कुठे रिकामी आहे?" मी विचारलं.

डेनिस टेबलाकडे बघत होती.

"कुठेतरी असेलच."

"दुसऱ्या मजल्यावर आहे. बाळंतिणींच्या. पण ओफेलिया, एकोणीस वर्षं झाली तुम्हाला इथे. मी तुम्हाला तसं सांगू शकत नाही, सांगणारही नाही. सोमवारपर्यंत विचार करा."

"केला."

"बसून तरी विचार करा."

मग मी बसले. खिडकीतून कारखान्याची धुराडी दिसत होती. त्या खिडकीची काच मी किती वेळा पुसली असेल, देव जाणे. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. या मजल्यावर माझा नवरा परत जिवंत झाला होता. कोणत्या खोलीचं दार कुरकुरतं, कोणती नर्स उपाशी आहे, कोणता पेशंट भिऊन हसतोय, हे मला चालता चालता कळायचं. डेनिसनं कागदाचा डबा माझ्यापुढे सरकवला. एक कागद तिनंही घेतला.

"एक अट आहे," मी नाक पुसून म्हणाले. "तिला सांगायचं नाही. कळलं तर जागा नाकारेल. बापावर गेली आहे."

आठवड्याभरात नोएमीला फोन आला. ती स्वयंपाकघरातच मटकन खाली बसली आणि फोन छातीशी धरून रडली. रामिरोनं तिला उठवलं आणि या वेळी त्यानं तिच्या डोक्याला कान लावला. मी नुसती भांडी घासत राहिले. आणि गप्प राहिले. अख्खा जानेवारी गप्प राहिले, हे आमच्या घरात अजून कुणाला खरं वाटत नाही.

फेब्रुवारीत ती कामावर रुजू झाली. तोवर मी दुसऱ्या मजल्यावर गेले होते. दुपारी मी चादरींची गाडी घेऊन लिफ्टनं वरून खाली येत होते. लिफ्ट चौथ्यावर थांबली. एक डॉक्टर आत आले, त्रिनी आली आणि पाठोपाठ नोएमी, गडद निळ्या गणवेशात, गळ्यात स्टेथोस्कोप. मला सवयीनं ती शपथ आठवली. मी दारावरच्या आकड्यांकडे बघायला लागले.

"सकाळपासून शोधतेय तुला," ती म्हणाली. "वर दुसरीच बाई फरशी पुसतेय. त्रिनीला विचारलं तर ती खिडकीबाहेर बघते. कुणाकडे शब्द टाकलास तू?"

डॉक्टर बुटांकडे बघायला लागले.

"शब्द नाही टाकला," मी म्हणाले. "बादली उचलली आणि बाजूला झाले."

तिला कळायला क्षणभर लागला. मग तिचा चेहरा असा झाला की मला तिथेच तिला जवळ घ्यावंसं वाटलं. "अमा, तो तुझा मजला होता."

"एकोणीस वर्षं माणसं जाताना पाहिली मी तिथे. आता जरा येताना बघते. तुझं काय जातं?"

लिफ्ट दुसऱ्यावर थांबली. मी गाडी बाहेर ढकलली. कुठल्यातरी खोलीत नवं बाळ रडत होतं. मागे दार बंद होण्याचा आवाज आला नाही, म्हणून मी वळून पाहिलं. नोएमीनं हातानं दार अडवून धरलं होतं. आतले डॉक्टर, त्रिनी, बाहेर थांबलेली दोन माणसं, सगळे बघत होते.

"अमा," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "जेवलीस का?"

तिनं खिशातून फॉइलची पुडी काढून माझ्या चादरींवर ठेवली. फ्रीजरमधले शेवटचे तमाले होते ते, तिनं बांधलेले. दोन गाठी, त्यातली एक सुटलेली.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण त्यातून शब्दच फुटला नाही.