विहीणबाईंना स्टँडवर सोडणे

विहीणबाई दोन दिवस राहायला आल्या होत्या आणि त्या दोन दिवसांत घरात कुणी शिंकलं तरी परवानगी घेतल्यासारखं शिंकत होतं.

भांडण वगैरे काही नव्हतं. मास्तरांच्या मुलाच्या लग्नाला वर्ष होत आलं होतं. सून गुणी होती आणि सुनेच्या आईबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती. पण बोलणं "घ्या ना थोडं", "नको, भरपूर झालं", "असं कसं, घ्यायलाच हवं" याच्या पुढे सरकतच नव्हतं. मास्तर छत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. विहीणबाई कपड्यांच्या कारखान्यात कामाला आहेत, एवढंच त्यांना माहीत होतं. त्याहून जास्त विचारणं बरं दिसणार नाही, असं त्यांचं त्यांनीच ठरवून टाकलं होतं. तिकडे विहीणबाईंना वाटायचं, ही शिकलेली माणसं, आपण आपलं जपून बोललेलं बरं. दोन्हीकडून इतकं जपणं चाललं होतं की मास्तरीणबाई संध्याकाळपर्यंत दमून जात.

सोमवारी सकाळी मुलगा आणि सून आपापल्या कामाला गेले. विहीणबाईंची बस अकराची होती.

"रिक्षा कशाला? मी स्वतः सोडतो तुम्हाला," मास्तर म्हणाले. विहीणबाईंना मोटरसायकलवरून न्यायचं म्हणून त्यांनी आदल्या संध्याकाळी पाइप लावून तासभर गाडी धुतली होती. चाकाची एकेक तार पुसली होती. आता इमारतीच्या दारात ती अशी चकाकत होती की जणू शोरूममधून आत्ताच आली असावी.

सव्वादहाला मास्तरांनी किक मारली. काही नाही. दुसरी मारली. तिसरी मारली. विहीणबाई पिशवी हातात धरून अदबीनं दुसरीकडे बघत उभ्या होत्या. एखाद्याचा पाय घसरला की आपण पाहिलंच नाही असं दाखवतो, तशा.

दहाव्या किकेला मास्तरांनी कोट काढला. विसाव्या किकेला घड्याळ काढलं.

"बॅटरी ठीक आहे," ते धापा टाकत म्हणाले आणि पुरावा म्हणून हॉर्न दाबला. हॉर्न इतक्या जोरात वाजला की समोरच्या तारेवरची कबुतरं उडाली. "बघा! हॉर्न वाजतोय!"

"हॉर्नवर बसून जायचंय का मला?" विहीणबाई म्हणाल्या.

म्हणाल्या आणि त्यांनी चटकन तोंडावर हात घेतला. दोन दिवसांची सगळी अदब एका वाक्यात पाण्यात गेली होती. मास्तर बघतच राहिले. तेवढ्यात पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून मास्तरीणबाईंच्या हसण्याचा असा काही फवारा आला, की कठड्यावर वाळत घातलेला टॉवेल त्यांच्या हातून सुटून मास्तरांच्या डोक्यावर पडला.

विहीणबाईंनी हातातली पिशवी पायरीवर ठेवली आणि बाह्या कोपरापर्यंत सारल्या.

"मास्तर, तुमचं माझं वय हे असं किका मारायचं नाही. आधी काय अडलंय ते बघू या."

"तुम्हाला मोटरसायकलमधलं कळतं?"

"मोटरसायकलमधलं नाही कळत. पण अठ्ठावीस वर्षं कारखान्यात शिलाई मशिनं दुरुस्त करते मी. एकशेचाळीस मशिनं आहेत आमच्याकडे. बंद पडलं की सगळ्यांचं सारखंच असतं. काहीतरी पोचत नसतं."

"दुरुस्त करता?" मास्तर म्हणाले. "मला वाटलं, शिवता."

"शिवता येत नाही हो मला. बटण लावायचं असलं तर लेकीला सांगते."

हे ऐकून मास्तरांना इतका आनंद झाला की तो का झाला हे त्यांनाही कळलं नाही. ते धावत वर गेले आणि गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका घेऊन आले. प्लास्टिकच्या आवरणातून ती तोवर कधी बाहेरच आली नव्हती. पायरीवर उभं राहून ते वर्गात धडा वाचावा तशा आवाजात वाचू लागले, "इंजिन सुरू होत नसल्यास प्रथम टाकीत इंधन असल्याची खात्री करा."

झाकण उघडून त्यांनी आत डोकावलं आणि गाडी दोन्ही हातांनी हलवली. "आहे! डुचमळतंय!"

"टाकीत आहे. खाली पोचतंय का?" विहीणबाई उकिडव्या बसल्या. टाकीपासून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीवर बोट फिरवत त्या वर आल्या आणि एका छोट्या कॉकपाशी थांबल्या. "हा बंद आहे."

मास्तर कानापर्यंत लाल झाले. धुताना त्यांनीच तो बंद केला होता. का, ते त्यांना सांगता येईना. "पाणी आत जाऊ नये म्हणून," ते शेवटी म्हणाले. पाणी तिथून कसं जाणार, हे विहीणबाईंनी मोठ्या मनानं विचारलं नाही.

कॉक उघडला. मास्तरांनी मोठ्या आशेनं किक मारली. गाडी ढिम्म.

"अकराला पाच कमी!" मास्तरीणबाई वरून ओरडल्या.

"पुढची साडेबाराला आहे," विहीणबाई वर न बघता म्हणाल्या. "प्लग काढायला पाना आहे का?"

पाना सीटखालच्या पिशवीत निघाला, तोही कोरा करकरीत. विहीणबाईंनी प्लगवरची रबरी टोपी खेचली, तर आतून चमचाभर पाणी त्यांच्या मनगटावर ओघळलं.

"मास्तर, आंघोळ घातलीत हो हिला तुम्ही. कान पुसायचे राहिले."

आता मास्तरही हसू लागले, आणि ते हसले की त्यांना उचकी लागत असे. उचक्या देत देतच त्यांनी बायकोला हाक मारली, "अगं, सुनेचा, उक्, केस वाळवायचा ड्रायर टाक खाली!"

"टाक काय? फुटेल तो!" असं म्हणत मास्तरीणबाईंनी ड्रायर दुपट्ट्याला बांधून गॅलरीतून विहिरीत बादली सोडावी तसा खाली सोडला. एक्स्टेन्शनची वायर जोडूनही ती जेमतेम पुरली. गाडीच ओढून वायरीखाली आणावी लागली. मग विहीणबाई प्लगच्या टोपीला गरम वारा घालत बसल्या.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. लेकीचा होता.

"आई, मिळाली का गं बसायला जागा?"

विहीणबाईंनी आपण कुठे बसलोय ते पाहिलं. त्या तळमजल्याच्या खिडकीखाली, पायरीवर बसल्या होत्या. "हो गं. खिडकीजवळची मिळालीय."

"आणि हा घूं घूं आवाज कसला?"

"वारं," विहीणबाई म्हणाल्या. "खूप वारं लागतंय."

मास्तरांनी हसू दाबायला पुस्तिका तोंडात धरली होती. फोन बंद झाल्यावर तिच्यावर दातांचे ठसे उमटलेले दिसले.

टोपी वाळली. आता ठिणगी येते का ते बघायचं होतं. प्लग टोपीत घालून, त्याचं टोक इंजिनाला टेकवून विहीणबाईंनी धरला. पण ऊन इतकं लख्ख की काही दिसेना. म्हणून मास्तरीणबाई छत्री घेऊन खाली आल्या आणि सावली धरून उभ्या राहिल्या. मास्तरांनी किक मारली. तिघांनी डोळे ताणले. काही नाही. पुन्हा मारली. नाहीच.

तळमजल्यावरचे दंतवैद्य दवाखान्याच्या दारात आले. कोरडं ठणठणीत आकाश, एका गाडीवर धरलेली छत्री आणि खाली एकमेकांना टेकलेली तीन डोकी त्यांनी पाहिली. "सगळं ठीक ना?" त्यांनी विचारलं.

"ठिणगी येत नाहीये," मास्तर दुःखी आवाजात म्हणाले.

"होतं असं या वयात," म्हणून दंतवैद्य आत गेले. ते नेमकं काय समजले, यावर पुढे बराच वेळ चर्चा झाली.

मास्तरीणबाई छत्री धरून कंटाळल्या होत्या आणि गाडीकडे नुसतं बघत होत्या. "अहो," त्या म्हणाल्या, "हा उजव्या मुठीवरचा लाल खटका कसला हो? काल पुसताना सारखं टकटक करत होतात तुम्ही याच्याशी."

"तो? तो इंजिन बंद करायचा. फक्त आणीबाणीत वापरायचा असतो."

"मग आत्ता आणीबाणी चालू आहे की बंद?"

विहीणबाईंनी हात लांब करून खटका दुसऱ्या बाजूला केला. टक्.

"मारा किक," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी मारली आणि छत्रीच्या सावलीत प्लगच्या टोकावर टचकन एक निळी ठिणगी उडाली.

"दिसली!" विहीणबाई किंचाळल्या.

"मला नाही दिसली! मी किक मारत होतो!" मास्तर म्हणाले. मग मास्तरीणबाईंनी किक मारली आणि मास्तरांनी पाहिली. मग मास्तरीणबाई म्हणाल्या, आता माझी पाळी. मग विहीणबाईंना किक मारून बघायची होती. अशी आळीपाळीनं त्या ठिणगीला त्यांनी अकरा वेळा उडायला लावलं, आणि दर वेळी पहिल्यांदाच पाहिल्यासारखे तिघं ओरडले. साडेबाराची बस या सगळ्यात कधी गेली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

प्लग परत बसवला. मास्तरांनी किक मारली, तर मागून 'फट्ट' असा आवाज येऊन धुराचा एक गोळा बाहेर पडला. पुढे काही नाही. विहीणबाईंनी नाक पुढे करून वास घेतला.

"पेट्रोल फार झालंय आत. इतक्या किका मारल्यात आपण, भिजून गेलं असणार."

आणि नेमका मास्तरांच्या मांडीत पेटका आला. ते एका पायावर उड्या मारत पुस्तिकेचं पान शोधू लागले. "ढकलून! ढकलून सुरू करता येते! दुसरा गिअर टाका, क्लच दाबा, गाडी ढकला, वेग आला की क्लच सोडा."

इमारतीभोवती गोल रस्ता होता आणि दारापासून तो चांगला उताराला लागत होता. प्रश्न होता बसणार कोण. मास्तरांचा पाय गेला होता, पण हात ठणठणीत होते. मास्तरीणबाईंना सायकलही येत नव्हती.

"मी बसते," विहीणबाई म्हणाल्या. "सायकलवरूनच जायचे मी कारखान्यात. तोल सांभाळता येतो मला."

मास्तरांनी दुसरा गिअर टाकून दिला, क्लच त्यांना दाबून धरायला लावला आणि मग मास्तरीणबाईंसह मागून जोर लावला. गाडी हलली, घरंगळली, पळू लागली. "सोडा! क्लच सोडा!" मास्तर ओरडले. गाडीनं एक आचका दिला, आणखी एक दिला आणि मग धडधडधड करत इंजिन पेटलं. दोघं आपले हात हवेत तसेच धरून उभे राहिले, कारण ढकलायला पुढे काही उरलंच नव्हतं. विहीणबाई वळणावरून दिसेनाशा झाल्या होत्या.

"चालू झाली!" मास्तरांनी बायकोला मिठी मारली. भर रस्त्यात.

"अहो, पण त्यांना थांबवायचं कसं ते सांगितलंत का?"

मास्तरांची मिठी सुटली.

इमारतीला वळसा घालून विहीणबाई पलीकडून आल्या. कोपर बाहेर, डोळे विस्फारलेले. "मास्तर! थांबायचं कसं?"

"ब्रेक!"

"कुठला?" आणि गेल्या पुढे.

दुसऱ्या फेरीला मास्तर लंगडत बाजूनं धावले. "डावी मूठ दाबा! आणि उजव्या पायानं खालची—" एवढंच ऐकून विहीणबाई वळल्या. दंतवैद्य, त्यांची मदतनीस आणि गालाला कापूस लावलेला एक पेशंट असे तिघं दारात येऊन उभे होते.

तिसऱ्या फेरीला त्यांचे केस सुटले होते आणि चेहऱ्यावरची भीती साफ गेली होती. "मास्तर! कळलं मला, थांबायचं कसं!"

"मग थांबा ना!"

"नाही थांबत!" विहीणबाई ओरडल्या, आणि इतक्या जोरात हसल्या की ते हसू इमारतीच्या मागच्या बाजूनंही ऐकू येत राहिलं. पेशंटनं कापूस काढून टाळ्या वाजवल्या.

पाचव्या की सहाव्या फेरीला त्या बरोबर दारासमोर, इंजिन चालू ठेवून, झोकात थांबल्या. "विहीणबाई," त्या मास्तरीणबाईंना म्हणाल्या, "बसा मागे."

"अगं बाई, मी?"

"बसा हो. वळताना तेवढं मला घट्ट धरा."

बसल्या त्या. छत्रीसकट बसल्या. दोघी निघाल्या तेव्हा मास्तर पायरीवर मांडी चोळत बसले होते. दर फेरीला त्यांच्यासमोरून दोन बायका आरडाओरडा करत जात होत्या, आणि त्यांची बायको गेल्या तीस वर्षांत एवढी मोठ्यानं हसलेली त्यांना आठवत नव्हती. शेवटी टाकीतलं पेट्रोल संपलं तेव्हाच दोघी परतल्या, गाडी ढकलत, एकमेकींवर रेलत.

तीनची बस होती, पण तिचा विषय कुणी काढला नाही.

संध्याकाळी मुलगा आणि सून घरी आले, तर स्वयंपाकघरात तिघं काळ्या हातांनी पावाबरोबर ऑम्लेट खात बसलेले.

"आई? तू बसमध्ये होतीस ना?"

"खिडकीजवळ होते," विहीणबाई म्हणाल्या. मास्तरांना उचकी लागली.

त्या रात्री जेवताना मास्तर एकशेचाळीस मशिनांबद्दल विचारत सुटले. सुई कुठे अडते, धागा का तुटतो, एकाच वेळी वीस मशिनं बंद पडली तर आधी कुठल्याकडे धावायचं. विहीणबाई चमचे आणि वाट्या मांडून दाखवत होत्या. बोलता बोलता त्यांनी स्वतःच भात वाढून घेतला. "घ्या ना थोडं" म्हणायचं कुणाला सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी बाटलीभर पेट्रोल आणून टाकीत ओतलं. तिघं गाडीभोवती उभे राहिले. पाना हाताशी, पुस्तिका उघडलेली, छत्री तयार. मास्तरांनी किक मारली.

एका किकेत गाडी चालू झाली.

तिघांचेही चेहरे पडले. गाडी शहाण्यासारखी एकसुरात चालत होती, बिघाडाचं नाव नव्हतं. मग विहीणबाईंनी कान देऊन इंजिनाचा आवाज ऐकला, मान हलवली आणि लाल खटका बंद केला.

"मास्तर," त्या बाह्या वर सारत म्हणाल्या, "आवाज मला जरा वेगळा वाटतोय. एकदा उघडून बघायला हवं."

"मलाही तसंच वाटलं," मास्तर म्हणाले आणि पाना शोधू लागले.