भिंगाचं तापमान

केस पांढरे व्हायला लागले तरी घरात तिला धाकटीच म्हणत. दादा तिच्याहून चार वर्षांनी मोठा. मोबाइलच्या टॉवरवर चढून अँटेना दुरुस्त करायचं काम त्यानं एकोणीस वर्षं केलं. "वरून सगळ्या साहेबांची टकलं सारखीच दिसतात," असं सांगून तो घरच्यांना हसवायचा. माणूस वर चढण्याआधी अँटेना बंद करायची, असा नियम होता. पण गिऱ्हाइकांचे फोन तुटू नयेत म्हणून कंपनीवाले ती बरेचदा चालूच ठेवत. दादाचं कपाळ तापायचं, पण उन्हानं असेल म्हणून तो सोडून द्यायचा.

सत्तेचाळिसाव्या वर्षी त्याला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. ऑपरेशन झालं, पण मागचा पडदाही खराब निघाला. आता समोरचं माणूस नुसतं सावलीसारखं दिसायचं. कंपनीनं हात वर केले. अँटेना प्रत्येक वेळी बंद होती, नोंदवहीत तसं लिहिलंय, म्हणे. दादानं कामगार न्यायालयात दावा लावला.

धाकटी जीवरसायनाच्या प्रयोगशाळेत होती. ती रोज सकाळी कत्तलखान्यातून बोकडाचे ताजे डोळे आणू लागली. डोळ्यातलं भिंग अलगद सोडवून पोषक द्रावणात ठेवलं की ते दोनेक दिवस जिवंत राहतं. जोडीतल्या एका भिंगावर ती मायक्रोवेव्ह लहरी सोडायची, दुसरं तसंच ठेवायची. मग भिंगाला गढूळ होण्यापासून, म्हणजे मोतीबिंदूपासून, जपणारं एक एन्झाइम दोन्हींत किती काम करतंय ते मोजायची. अकरा महिने हेच चाललं. लहरींचा मारा झालेल्या भिंगांत एन्झाइमचं काम एक तृतीयांशानं घटलं होतं, आणि भिंग तर तापलेलं नव्हतं. म्हणजे न तापवणारा, लांबूनचा थोडा माराही डोळा बिघडवायला पुरेसा होता. तिनं अहवाल दादाच्या वकिलाकडे दिला.

दादानं तो वहिनीकडून दोनदा वाचून घेतला. "म्हणजे मी खोटं बोलत नव्हतो," तो म्हणाला, आणि हुंदके देऊन रडला.

या कामाचा शोधनिबंध छापायला पाठवण्याआधी धाकटीला एक गोष्ट खटकली. धातूचा थर्मामीटर लहरींत चालत नाही, म्हणून ती तापमान लहरींचं यंत्र बंद केल्यावर घ्यायची. तिनं दुसऱ्या प्रयोगशाळेतून काचेच्या तंतूचा थर्मामीटर मागून आणला आणि मारा चालू असतानाच भिंगात घातला. भिंग आतून पाच अंशांनी तापत होतं. यंत्र बंद करून झाकण उघडेपर्यंत निवतही होतं.

तिनं भिंग गार राखून पुन्हा मारा केला, तर एन्झाइम शाबूत. नुसत्या कोमट द्रावणात भिंग तेवढंच तापवलं, तर तीच घट. तीनदा करून पाहिलं. मग ती स्टुलावर बसून राहिली.

"उष्णतेनं झालं तरी झालंच ना?" प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर म्हणाले.

"सर, एवढं तापायला केवढा मारा लागतो! दादा अँटेनाच्या तोंडाशी होता आणि ती चालू होती, हे दाखवायला आपल्याकडे कागद नाही."

"मग गप्प बस. कोण येतंय तपासायला?"

ती वकिलाकडे जाण्याआधी दादाकडे गेली. तिनं सगळं सांगितलं. वहिनी हातातलं फडकं पिळत उभी राहिली.

"तू थर्मामीटर कशाला बदललास?" दादानं विचारलं.

"मला शंका आली."

"माझी नाही ना आली?"

"दादा, तुझी कशी येईल! तू सांगतोस ते खरंच आहे. फक्त माझा प्रयोग ते सिद्ध करत नाही."

"मग मला काय उपयोग त्याचा?"

दुसऱ्या दिवशी तिनं अहवाल मागे घेतला. पाच आठवड्यांनी दावा फेटाळला गेला. निकालपत्रात लिहिलं होतं, की अर्जदाराच्या सख्ख्या बहिणीनंच आपला निष्कर्ष चुकीचा असल्याचं मान्य केलं आहे.

ते ऐकून ती धावत दादाच्या घरी गेली. दार त्यानंच उघडलं, चौकट चाचपत. तिचा आवाज ऐकूनही तो बाजूला झाला नाही.

"तुझं चुकलं नाही," तो शांतपणे म्हणाला. "मलाही कळतं ते. पण काही दिवस येऊ नकोस."

त्या गोष्टीला आता तिसरं वर्ष लागलं आहे. वहिनी कधीमधी फोन करते, खुशाली सांगते. दादाला द्या म्हटलं की म्हणते, तो झोपलाय. सकाळी दहा वाजताही तेच सांगते.