दहा मिनिटांची तहकुबी

कोर्टात जे बोललं जाईल ते अक्षरन् अक्षर टाइप करायचं, हे बाईंचं काम. साक्षीदार खोकला तर खोकलाही लिहायचा, असा हेडक्लार्कचा दंडक होता. बाईंची बोटं वकिलांच्या जिभेपेक्षा चपळ. दुर्दैव एवढंच, की आतडी बोटांहूनही चपळ निघाली.

आतड्याला सूज आहे आणि ती आता जन्माची सोबतीण, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. गोळ्या झाल्या, पथ्य झालं, तरी तिला लहर आली की ती दोन मिनिटांची मुदत द्यायची आणि तीही पाळायची नाही. "अगं वहिनी, सगळं डोक्यात असतं," नणंद म्हणायची. डोक्यात असतं तर खुर्चीत बसूनच निस्तरलं असतं की!

त्यात नोकरी अजून कच्ची. पक्की करायची की घरी पाठवायचं, ते या महिन्यात हेडक्लार्क ठरवणार होते, आणि खुर्ची सोडणाऱ्या माणसांचा त्यांना तिटकारा. म्हणून बाईंनी आजाराबद्दल ब्रही काढला नव्हता. कळ आली की "साहेब, कीबोर्ड अडकला" म्हणायचं, तो काखोटीला मारायचा, दुरुस्तीच्या खोलीकडे निघायचं आणि वळणावर संडासात शिरायचं. सहा महिन्यांत त्या निष्पाप कीबोर्डची इतकी बदनामी झाली, की त्या दिवशी सकाळी नवा कोरा येऊन बसला. आता खापर फोडायचं कुणाच्या माथ्यावर?

सव्वाअकराला कळ आली. समोर दोन शेजाऱ्यांचा कुंपणावरून दोन वर्षं चाललेला खटला ऐन रंगात होता. बाईंनी दात आवळले, देव आठवले, मग हात वर केला.

"साहेब, कामकाज थांबवा."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "कारण सांगा बाई. कारणाशिवाय कोर्ट थांबत नाही."

बोटांनी सवयीने तो प्रश्न टाइप केला. लाज आणि घाई यांची शर्यत लागली आणि घाई जिंकली.

"मला आतड्याचा जुना आजार आहे, साहेब. मला आत्ताच्या आत्ता संडासला जायचंय. आणि कीबोर्ड कधीच अडकला नव्हता!"

बोलता बोलता बोटांनी तेही उतरवलं. साक्षीदार फिस्सकन हसला, तर तेही कंसात गेलं.

"दहा मिनिटांची तहकुबी," न्यायाधीश म्हणाले. बाईंनी एवढं लिहिलं आणि धूम ठोकली. मागे न्यायाधीशांनी कुणाची हरकत आहे का विचारलं. दोन्ही वकील एका सुरात "नाही" म्हणाले. दोन वर्षांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

संध्याकाळी हेडक्लार्कनी बोलावलं. त्यांच्या पुढ्यात दिवसभराचे कागद होते. नोकरी गेली, हे बाईंनी दारातच गृहीत धरलं.

"यात चुका आहेत," ते म्हणाले. "वकिलांची हरकत नव्हती, ते राहिलंय."

"मी तेव्हा तिथे..."

"तुम्ही कुठे होता ते वर स्वच्छ लिहिलंय. आणि दहा नाही, चौदा मिनिटं लागली. पुढे कंसात चौदा लिहा."

बाईंनी मान खाली घालून चौदा लिहिलं.

"त्या कीबोर्डसाठी मी वर चार अर्ज पाठवले," हेडक्लार्क कुरकुरले. "आधी बोलला असतात तर तुमच्यासाठी एक पाठवताना माझा हात झडला असता का? उद्यापासून दाराजवळच्या टेबलावर बसा."

"म्हणजे... उद्या यायचं?"

"स्वतःची एवढी फजिती झाली, पण खुर्चीत होता तोवर एक शब्द गाळला नाहीत. तुम्हाला घालवून मी आणू कुणाला?" त्यांनी पक्क्या नोकरीच्या कागदावर सही ठोकली आणि तो पुढे सरकवला.

बाईंना रडू कोसळलं. सहा महिने त्यांनी आजाराचा घेतला नसेल एवढा धसका या माणसाचा घेतला होता.